घरातला आरोपी आणि घरच्यांवरचे कलम

श्रोतेहो, नमस्कार. खुनाच्या बातमीच्या शेवटी ‘पुरावा नष्ट केल्याप्रकरणी आणखी दोघांना अटक’ अशी ओळ पुष्कळदा येते, आणि हे दोघे आरोपीच्या घरचेच निघाले तरी कुणाला फारसे नवल वाटत नाही. आपल्या माणसाच्या कृत्यावर पांघरूण घातले, यात गुन्हा तो कसला, असा अनेकांचा समज असतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम २३८, म्हणजे १८६० च्या दंडविधानातले कलम २०१, तसे मानत नाही. गुन्हा घडल्याचे ठाऊक असताना गुन्हेगाराला शिक्षेतून सोडवण्यासाठी जो पुरावा नाहीसा करतो किंवा जाणूनबुजून खोटी माहिती देतो, तो स्वतःच गुन्हेगार ठरतो. मूळ गुन्ह्याला फाशीची तरतूद असेल, तर त्याला सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो.

आता नात्याचे पाहू. गुन्हेगाराला आसरा देण्याबद्दलचे कलम २४९ पती-पत्नीला लागू होत नाही. २३८ मध्ये मात्र अशी सूट कुणालाच नाही. म्हणजे रात्री दार उघडून नवऱ्याला जेवू घालणारी पत्नी आसऱ्याच्या कलमातून सुटते, पण त्याचा रक्ताळलेला सदरा बादलीत भिजवून धुवायला घेतला की अडकते. आईला तर दार उघडण्याचीही मुभा नाही, आणि ही तफावत मला न्याय्य वाटत नाही.

अर्थात नुसत्या संशयावर हे कलम टिकत नाही. पलविंदर कौर यांच्या खटल्यात पतीचा मृतदेह ट्रंकेत भरून विहिरीत टाकलेला सापडला होता. उच्च न्यायालयाने त्यांना खुनाच्या आरोपातून मुक्त केले, पण पुरावा दडवल्याबद्दल दोषी धरले. १९५२ साली सर्वोच्च न्यायालयाने तीही शिक्षा रद्द केली, कारण मृत्यू आत्महत्येने किंवा अपघाताने झाला नाही, असे सरकार पक्षाला सिद्ध करता आले नव्हते. मुख्य आरोपी सापडला नाही किंवा सुटला, तरी पुरावा दडवणाऱ्यावर खटला चालू शकतो. मूळ गुन्हा घडला होता, हे मात्र आधी न्यायालयात शाबीत व्हावे लागते.