त्या कोपऱ्यातून फळा दिसतो का?

नमस्कार श्रोतेहो. पोराचं अभ्यासात लक्ष नाही, अशी तक्रार घरोघरी असते. पोराला बोलायच्या आधी त्याची बसायची जागा बघा, एवढंच मला आज सांगायचं आहे.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात मी तिसरीला शिकवत होतो. वर टिनाचं छप्पर. मागच्या कोपऱ्यातला एक पोरगा मान खाली घालून आसनपट्टीचे धागे उपसत राहायचा. 'याचं डोकं थाऱ्यावर नाही,' असं त्याच्या बापाला मी सांगून मोकळा झालो होतो. मार्चमध्ये सकाळची शाळा लागली. एक दिवस चिडून विचारलं, 'फळ्याकडं का बघत नाहीस रे?' तो हळूच म्हणाला, 'गुरुजी, फया दिसतच नाई जी. नुसता उजेड दिसते.'

मी त्याच्या जागेवर मांडी घालून बसलो. पूर्वेच्या दारातून आलेलं ऊन समोरच्या फळ्यावर पडत होतं. फळा नुसता चमकत होता. मीच लिहिलेली बेरीज मला वाचता येईना. दहा वाजले नव्हते, तर टाळू तापली.

त्याच आठवड्यात दक्षिणेच्या भिंतीवर नवा फळा रंगवला. उजेड डावीकडून येऊ लागला, उजव्या हाताची सावली वहीवर पडेना. बुरडाकडून बांबूचे तट्टे विणून टिनाखाली बांधले. उकाडा कमी झाला, पुढं पावसात टिनाचा ताशाही दबला. पोराचे पाढे लगेच सुधारले नाहीत, पण मान वर आली. त्याचा बाप वावरात पऱ्हाटी उपटत होता, तिथं जाऊन मी माझे शब्द मागे घेतले.

तेव्हा, आधी जागा बघा. उजेड, वारा, आवाज. सेवाग्रामची बापूकुटी बघा, मातीच्या भिंती आणि वर कवेलू. उन्हाळा ओळखून बांधलेलं घर आहे ते.

आणखी एक. 'बोलक्या भिंती' मला पटत नाहीत. छतापर्यंत फळं, प्राणी, नकाशे, सुविचार! अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाचा 2014 चा अभ्यास आहे: चित्रांनी भरलेल्या वर्गात पाच वर्षांच्या मुलांचं लक्ष जास्त भरकटलं आणि शिकणंही कमी झालं. एक भिंत रंगवा, बाकीच्यांना नुसता चुना द्या.

आपल्या विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडते. पहिला दणक्याचा पाऊस आला की पोराच्या वर्गात जा. त्याच्याच जागेवर खाली बसा. फळा दिसतो का, मास्तरांचा आवाज येतो का, बघा. नसेल येत, तर शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्याच बैठकीत तट्ट्यांचा विषय काढा.