ओकचं माहेर

श्रोतेहो, नमस्कार.

पानगळीच्या दिवसांत युरोपातल्या ओकच्या रानात 'जे' नावाच्या पक्ष्याची नुसती धांदल असते. आपल्या टकाचोराचा हा भाऊबंद, कावळ्याच्याच कुळातला. ओकची चारपाच फळं तो गळ्यातल्या पिशवीत भरतो, एखादं चोचीत धरतो आणि लांब मोकळ्या जागी जातो. तिथं माती उकरून एकेक फळ पुरतो, वर पाला ओढतो. हिवाळ्याची ही बेगमी. त्यातली काही फळं खायची राहून जातात आणि वसंतात रुजतात. ओकचं जंगल उत्तरेकडे सरकलं त्यात या पक्ष्याचा मोठा हातभार आहे.

सरकलं ते कुठून? सुमारे २१ हजार वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात होतं. तेव्हा ओक तगले ते मुख्यतः दक्षिणेला, म्हणजे स्पेन-पोर्तुगाल, इटली आणि बाल्कन भागात. थंडी ओसरली तसे ते तिथून पसरत गेले.

याचा माग लागला पानांवरून. पानातल्या हरितलवकाला, म्हणजे पानाला हिरवेपणा देणाऱ्या सूक्ष्म कणाला, स्वतःचा डीएनए असतो, आणि ओकमध्ये तो फक्त आईकडून येतो. पराग वाऱ्यावर कुठल्या कुठे जातात, हरितलवक मात्र बीबरोबरच प्रवास करतं. म्हणून ही खरीखुरी माहेरची खूण! ब्रिटनमधल्या बहुतेक ओकांचं माहेर या खुणेवरून स्पेन-पोर्तुगालकडे निघालं.

मग एकाच जातीच्या झाडांमधल्या वंशांची सगळ्यात जास्त विविधता दक्षिणेतल्या जंगलांतच असणार, असं कुणालाही वाटेल. २००३ साली 'सायन्स' या नियतकालिकात युरोपातल्या २५ जंगलांमधल्या २२ जातींच्या झाडाझुडपांचा अभ्यास छापून आला. त्यात एकेका जंगलातली विविधता सर्वांत जास्त निघाली ती आल्प्सच्या उत्तरेच्या मधल्या पट्ट्यात. वेगवेगळ्या माहेरांहून निघालेले वंश तिथं एकत्र आले, शेजारी शेजारी रुजले.

मला यातली दक्षिणेची बाजू फार मोलाची वाटते. तिथल्या जंगलांमध्ये सरमिसळ कमी, पण एकमेकांपासून ती अतिशय वेगळी. डोंगराआड हजारो वर्षं एकटी राहिलेली. शिवाय तिथले सगळेच वंश उत्तरेला पोचले नाहीत. काही आहेत तिथंच राहिले. आज भूमध्य समुद्राकाठचे उन्हाळे अधिक तापताहेत, दुष्काळ आणि वणवे त्याच डोंगरांवर येताहेत. तिथलं एखादं रान वाळलं, तर त्याचं बी मागायला जाण्यासारखं दुसरं रान कुठंही नाही.