रणगाड्याला गंज कुठे चढतो

अध्यक्षमहाशय आणि मित्रहो,

पत्रिकेवर आजचा विषय ‘टी-९० भीष्म : जोडणीपासून वेदरिंगपर्यंत’ असा छापला आहे. म्हणजे भारतीय लष्कराच्या टी-९० रणगाड्याचे प्लास्टिक मॉडेल जोडणे, आणि मग वेदरिंग, म्हणजे त्यावर वापराच्या आणि हवामानाच्या खुणा रंगवणे. त्यातल्या जोडणीबद्दल मी फारसे बोलणार नाही, कारण ती किटमधल्या पुस्तिकेत क्रमांक घालून दाखवलेली असते, आणि पुस्तिका न उघडताच भाग कापायला बसण्याची ज्यांना खोड आहे, त्यांना माझे व्याख्यानही सुधारू शकणार नाही. मला मांडायचे आहे ते इतकेच, की मॉडेलवरच्या प्रत्येक डागाला, ओघळाला आणि टवक्याला त्या रणगाड्याच्या घडणीत किंवा त्याच्या मुक्कामात काही कारण असले पाहिजे. ज्या डागाचे कारण सांगता येत नाही, तो पुसून टाकावा.

तत्पूर्वी प्रमाणाविषयी थोडे बोलतो. आपण बहुतेक सगळे १/३५ या प्रमाणात काम करतो. पस्तीसच का, हे नवख्या मंडळींना कोडे असते, आणि त्याची हकीकत सांगण्याची संधी मी सहसा सोडत नाही. जपानमधल्या शिझुओका शहरातली तामिया ही मूळची लाकूड कापणारी कंपनी. परदेशी प्लास्टिक किट आल्यावर लाकडी मॉडेलांचा बाजार बसला. १९६० साली तामियाने काढलेले यामातो युद्धनौकेचे पहिले प्लास्टिक किट किमतीच्या चढाओढीत मागे पडले. मग मोटरवर चालणारा जर्मन पँथर रणगाडा करायचे ठरले. पँथरच का, तर त्याचे चिलखत सपाट आणि उतरते असल्यामुळे साचा करणे सोपे होते. आत मोटर आणि बॅटरीचे सेल मावले पाहिजेत, या हिशेबाने आकार ठरवला गेला, आणि नंतर मोजून पाहिले तेव्हा तो साधारण पस्तिसावा हिस्सा भरला. खोक्यावरचे चित्र शिगेरू कोमात्सुझाकी यांनी काढले होते, आणि ते चित्र पाहूनच गिऱ्हाईक किट उचलते, हे आपल्यापैकी कोणी नाकारणार नाही. घरी न उघडलेल्या खोक्यांची चळत कितीही उंच असो. पुढे इतर कंपन्यांनीही तेच प्रमाण उचलले. म्हणून आज रशियाची झ्वेझ्दा असो की चीनची मेंग, टी-९० त्याच मापात येतो. म्हणजे तुमच्या टेबलावरच्या भीष्माची लांबी साठ वर्षांपूर्वीच्या बॅटरीच्या सेलांनी ठरवली आहे.

या प्रमाणाचा वेदरिंगशी थेट संबंध आहे. तोफेच्या नळीसह साडेनऊ मीटर भरणारा रणगाडा १/३५ मध्ये सुमारे २७ सेंटिमीटरचा होतो. त्यावर ब्रशने सहज दिलेला अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका म्हणजे खऱ्या चिलखतावर पावणेदोन सेंटिमीटरचा टवका, आणि एक मिलिमीटर जाडीचा चिखल म्हणजे साडेतीन सेंटिमीटरचा लेप. ठिपका देण्यापूर्वी हा गुणाकार मनात करून पाहावा. निम्म्या वेळा हात आपोआप मागे येतो.

आता माझी तक्रार. एका प्रदर्शनात एका परीक्षकांनी माझ्या रणगाड्याचे गुण कापले आणि शेरा दिला, ‘गंज कमी’. शेजारी पहिले बक्षीस मिळालेला रणगाडा उभा होता आणि तो बहुधा बंदराच्या तळातून वर काढलेला असावा. परीक्षकांचा मान राखून मी तेव्हा गप्प बसलो, आज तसे बंधन नाही. टी-९० आणि त्याचा पूर्वज टी-७२ यांची मोठी चाके ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असतात आणि त्यांच्या कडेला रबर असते. ॲल्युमिनियमला तांबडा गंज चढत नाही. चाकांवरून लोंबणारे बाजूचे पडदे बहुतांशी रबरी असतात. रबर फाटते, मुडपते, धुळीने पांढरे पडते, पण गंजत नाही. सेवेतला रणगाडा वरचेवर धुतला आणि रंगवला जातो. गंज दाखवायचाच तर तो पट्ट्याच्या कड्यांवर दाखवावा, आणि तिथेही जमिनीला घासणारे भाग चकचकीत ठेवावेत. मागच्या बाजूला इंधनाची पिंपे लावली असतील, तर ती पातळ पत्र्याची असल्याने त्यांवर चेप आणि गंजाचे ओघळ शोभतात. धुराड्याचे तोंड फक्त डाव्या बाजूला असते; तरीही दोन्ही बाजूंना काजळी फासलेली मॉडेले मी पाहिली आहेत, आणि सममितीची ही आवड मला समजू शकलेली नाही.

या गोंधळाचे एक कारण आपली संदर्भचित्रे आहेत. अहिल्यानगरचे, म्हणजे अहमदनगरचे, रणगाडा संग्रहालय १९९४ पासून आपल्या इतके जवळ आहे, की तिथे न जाण्याला सबब चालू नये. रचना, जोड, बोल्ट आणि वेल्डिंगच्या रेषा तिथे मनसोक्त पाहाव्यात. रंग मात्र तिथून उचलू नये, कारण प्रदर्शनासाठी जतन केलेला रणगाडा धावत नसतो. गावोगावच्या चौथऱ्यांवरच्या रणगाड्यांचे तर बोलायलाच नको. त्यांच्यावर ऑइल पेंटचे इतके हात चढलेले असतात, की चिलखताची जाडी वाढली असावी.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा पत्रिकेत कबूल केलेला भाग आता घाईनेच सांगावा लागणार. भीष्म करताना प्रथम किट पारखून घ्या. रशियन टी-९०एच्या किटमध्ये तोफेच्या दोन्ही बाजूंना श्तोरा या क्षेपणास्त्रांना चकवणाऱ्या यंत्रणेचे लाल डोळे असतात. भारतीय टी-९०एसवर ते नसतात. प्रायमरनंतर मूळ रंग ॲक्रिलिकचा द्या आणि तो थोडा फिकट करून घ्या, कारण लहान वस्तूवर रंग गडद दिसतो. ॲक्रिलिक अशासाठी, की पुढचा वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा पातळ रंग, ऑइल रंगाचा असतो आणि त्यातले टर्पेंटाइन इनॅमलचा थर उचलू शकते. मग चकचकीत वार्निश, त्यावर डिकल, म्हणजे चिकटवायची चिन्हे, त्यानंतर गडद तपकिरी वॉश फक्त सांध्यांत आणि बोल्टभोवती. मॅट वार्निश सुकल्यावर स्पंजच्या तुकड्याने टवके द्या, पण ते झाकणांच्या कडांवर आणि जवान चढतात-उतरतात तिथेच.

धुळीचा रंग शेवटी ठरवू नका, आधी ठरवा. बिकानेरकडच्या महाजनच्या सराव-मैदानावर धावलेल्या रणगाड्यावर फिकट पिवळसर वाळू बसेल आणि ती मागच्या भागावर अधिक असेल, कारण पट्टे ती मागे उडवतात. पिगमेंट, म्हणजे रंगाची भुकटी, कोरडेच टेकवून त्याच्या कडेला पांढऱ्या स्पिरिटचा थेंब सोडला की ते धरून बसते. त्यावर पुन्हा वार्निश मारू नये, धूळ दिसेनाशी होते. चालकाचे झाकण पुढे मधोमध असते, तेव्हा बुटांची माती तिथे हवी. पट्ट्यांच्या चकचकीत भागांना साध्या पेन्सिलीचे शिसे पुरते.

मागून तोफेच्या नळीबद्दल प्रश्न आला आहे. तिच्यावरचे उष्णतारोधक वेष्टण पातळ पत्र्याचे असते, त्यामुळे किरकोळ चेप चालतील. तोंडाशी काजळी अगदी पुसट द्यावी, आणि धूर खेचून घेणाऱ्या फुगीर भागावर ती देऊच नये. बाकीचे प्रश्न चहाच्या वेळी घेऊ.