अस्वलांच्या घरातलं इंग्लिश

मागे आवाज येतोय ना? बरं. तर मंडळी, स्टेशनबाहेर ती तीस दिवसांत फाडफाड इंग्लिशवाली पुस्तकं मिळतात ना, तसलं काही माझ्याकडे नाहीये. माझं म्हणणं एवढंच, की शब्दांच्या याद्या पाठ करणं सोडा आणि लहान मुलांची एकच गोष्ट पुन्हा पुन्हा वाचा, तीसुद्धा मोठ्याने.

इथे घणसोलीत माझ्या वयाचे जे बसलेत त्यांना मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून होतं, पहिलीपासून ते 2000 साली आलं. म्हणजे आपण डायरेक्ट धडा, शब्दार्थ आणि गाळलेल्या जागा यातच घुसलो, इंग्लिशमधलं बालपण आपल्याला मिळालंच नाही, आणि आता पोरं इंग्लिश मीडियमला आणि आईबाबा पेरेंट्स मीटिंगला मागच्या बाकावर गप्प.

तीन अस्वलांची गोष्ट घ्या. रॉबर्ट साउदीने 1837 मध्ये ती छापली तेव्हा त्यात ती सोनेरी केसांची मुलगी नव्हती बरं का, एक आगाऊ म्हातारी होती, मुलगी नंतर आली. ते असो. अस्वलांच्या घरात कोणी नाही बघून ती मुलगी शिरते, पहिल्या वाडग्यातलं पॉरिज, म्हणजे खिरीसारखी लापशी, टू हॉट, दुसऱ्यातलं टू कोल्ड, तिसरं जस्ट राइट. मग खुर्च्या, टू हार्ड, टू सॉफ्ट, परत जस्ट राइट. मग पलंग. आणि अस्वलं घरी आली की बाबा अस्वल ओरडतो, समबडी हॅज बीन ईटिंग माय पॉरिज. तेच आई म्हणते, तेच पिल्लू म्हणतं, मग खुर्चीपाशी सिटिंग, पलंगापाशी स्लीपिंग, असं नऊ वेळा एकच वाक्य कानावर पडतं. ग्रामरच्या पुस्तकात याला प्रेझेंट परफेक्ट कंटिन्युअस म्हणतात आणि ते नाव ऐकूनच घाम फुटतो, पण ही गोष्ट चार वेळा वाचलेला माणूस सोसायटीच्या मीटिंगमध्ये न अडखळता बोलून जाईल, समबडी हॅज बीन पार्किंग इन माय स्लॉट!

डॉ. स्यूस यांचं 1960 चं ग्रीन एग्ज अँड हॅम बघा, प्रकाशकाशी पैज लागली म्हणून अख्खं पुस्तक फक्त 50 वेगवेगळ्या शब्दांत लिहिलंय, त्यातला एनीव्हेअर सोडला तर बाकीचे 49 शब्द एका दमात म्हणता येतील असे छोटे. तरी पोरं पुन्हा पुन्हा मागतात.

पण बालकथा म्हणजे सगळं सोप्पंच असं समजू नका. बिअट्रिक्स पॉटरने सशांच्या पिल्लांच्या 1909 च्या गोष्टीत पहिल्याच वाक्यात सोपोरिफिक टाकलाय, म्हणे जास्त लेट्यूस, म्हणजे सॅलडचा पाला, खाल्लं की असं होतं. ग्रॅज्युएट माणूस पण अडकेल. आणि लगेच पुढे ती म्हणते की मला कधी लेट्यूस खाऊन झोप आली नाही, पण मी काही ससा नाही. झालं, कळलं की नाही? डिक्शनरी लागली? म्हणूनच सांगते, अडलं तरी दोन ओळी पुढे जा, तिथे बऱ्याचदा उत्तर असतं. शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलने मराठी अर्थ तर अजिबात लिहू नका, नंतर डोळा फक्त तिथेच जातो, ही आपली शाळेतली जुनी खोड. आणि पानावर प्रत्येक ओळीतच अडायला लागलं तर सरळ ते पुस्तक ठेवून द्या, त्याहून सोपं घ्या, त्यात कसली लाज.

पुस्तकं विकतच घ्यायला पाहिजेत असंही नाही. प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर ही गोष्टींची वेबसाइट 2015 पासून आहे, फुकट आहे, लेव्हलप्रमाणे गोष्टी लावलेल्या आहेत आणि कितीतरी गोष्टी मराठी आणि इंग्लिश दोन्हीत मिळतात. आधी मराठीतून वाचा, मग तीच इंग्लिशमधून.

काय म्हणालात काका? ट्रेनमध्ये सशाचं पुस्तक वाचताना लोक हसतील? हसू देत की. ठाण्यापासून वाशीपर्यंत लोक मोबाईलवर काय काय बघत असतात ते मी रोज बघते, तुमचा ससा त्यात कुणाच्या लक्षात पण येणार नाही.