उभ्या गाडीचं वय

बटण दाबलं की उजवा दिवा बॉनेटमधून वर येतो. डावा येत नाही. मोटर जरा कण्हते आणि गप्प बसते.

ही पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५. १९८९ साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात हे मॉडेल पहिल्यांदा लोकांसमोर आलं. १.६ लिटरचं इंजिन आणि जेमतेम ११५ अश्वशक्ती. पण वजन एक टनाच्या आत, इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना. हौशी स्पर्धकाला आणखी काय हवं? अमेरिकेत या गाडीला मियाटा म्हणतात, आणि तिथे तर ‘स्पेक मियाटा’ नावाचा शर्यतींचा अख्खा गट याच गाड्यांचा आहे.

आपल्यासमोरची गाडी शर्यतीसाठी तयार करायची आहे, पण ती बरीच वर्षं झाकून ठेवलेली होती. मीटरवरचा आकडा कमी आहे आणि विकणाऱ्यानं त्याचंच कौतुक केलं होतं. पण धावून झिजतं ते लोखंड. रबर उभ्या उभ्या म्हातारं होतं.

टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले आहेत: ३२१४. म्हणजे २०१४ सालचा बत्तिसावा आठवडा. खाचा नव्यासारख्या खोल आहेत, पण नख दाबून पाहा, रुतत नाही. चाकांना गाडीशी जोडणाऱ्या सस्पेन्शनच्या सांध्यांत बुश, म्हणजे रबरी कडी, आहेत, त्यांनाही बारीक भेगा पडल्यात. ते ढिले असतील तर चाकांचे कोन कितीही काळजीनं लावा, पहिल्या वळणावर बदलणारच. इंजिनाच्या मागच्या टोकाला, हात कसाबसा पोचतो अशा जागी, पाण्याच्या वाटेवर एक छोटी रबरी टोपी आहे. ती फाटली तर इंजिनातलं पाणी बघता बघता जमिनीवर. टोपी मुठीत मावते, पण ती बदलायला अर्धा दिवस जातो.

आता दारामागचा खालचा पत्रा. छपरावरचं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या इथून खाली उतरतात. त्या पालापाचोळ्यानं तुंबल्या की पाणी आतच साचतं आणि पत्रा आतून कुजतो. बाहेरून रंग छान दिसतो, स्क्रू-ड्रायव्हरनं टोचलं की आरपार. गाडी उलटली तर चालकाला वाचवणाऱ्या सुरक्षा पिंजऱ्याचे पाय जवळच टेकणार आहेत, म्हणून आधी गंज कापून नवा पत्रा जोडायचा आणि मगच पिंजरा. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या, म्हणजे ‘फिया’च्या, नियमांत पिंजऱ्याच्या मुख्य कमानीसाठी ४५ मिलिमीटर व्यासाची, २.५ मिलिमीटर जाडीची जोडरहित पोलादी नळी चालते. पण कुजक्या पत्र्यावर उभी केली तर ती नळी आधार द्यायच्या ऐवजी गाडीचा तळ फोडून खाली जाईल.

इथवर वेग वाढवण्याचा विषयही निघालेला नाही. नवखा माणूस मात्र सुरुवातच तिथून करतो. मोठा सायलेन्सर बसवतो, टर्बो आणतो, आणि मग नियमावली उघडतो. तेव्हा कळतं, आपल्या गटात टर्बो चालत नाही आणि आवाजालाही मर्यादा आहे. आधी गट ठरवावा, त्याची नियमावली दोनदा वाचावी, पाना त्यानंतर उचलावा.

आणि पाना उचललाच, तर पहिला ब्रेककडे न्यावा.

चालकासह हजार किलोची गाडी ताशी १५० किलोमीटरवरून ६० वर आणायची, तर जवळपास ७३० किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. दोन लिटर थंड पाण्याला उकळी आणायला ती पुरेशी आहे. काही सेकंदांत यातली बहुतेक उष्णता ब्रेकच्या डिस्कमध्ये उतरते, आणि पुढचं वळण आलं की पुन्हा तेच. डिस्कमधून ती तिला आवळणाऱ्या पॅडमध्ये जाते, पॅडमधून त्याला ढकलणाऱ्या पिस्टनमध्ये, पिस्टनमधून ब्रेक ऑइलमध्ये.

हे ऑइल हवेतली ओल शोषतं, गाडी उभी असतानाही. ताजं डॉट-४ दर्जाचं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की ही हमी १५५ अंशांवर येते. उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पाय पेडलवर पडतो, पेडल तळाला टेकतं आणि गाडी आहे त्याच वेगानं वळणाकडे जात राहते.

म्हणून जुनं ऑइल पूर्ण काढायचं. बघा, चहासारखं तांबूस झालंय. रबरी नळ्या नव्या, पॅड आवळणाऱ्या चिमट्याची, म्हणजे कॅलिपरची, सीलं नवी, पॅड जास्त तापमान सोसणारे. बाटलीत उरलेलं ऑइल पुढच्या हंगामासाठी जपायचं नाही, कारण झाकण एकदा उघडलं की तेही ओल प्यायला लागतं.

सुरक्षा पट्ट्यांनाही वय असतं. फियाच्या मानकाच्या पट्ट्यांवर मुदतीचं लेबल शिवलेलं असतं. पट्टा एकदाही वापरला नसला तरी मुदत सरली की जिथे हे मानक बंधनकारक आहे तिथे तपासनीस नाकारतो. यात त्याचा हटवादीपणा नाही. ऊन लागून धागा कमजोर होतो आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

शेवटी गाडी चार वजनकाट्यांवर चढते, प्रत्येक चाकाखाली एक. चालकाला हेल्मेटसकट आत बसवतात, कारण गाडीच्या एका बाजूला बसलेला चालक हेसुद्धा वजनच. मग एका कोपऱ्याची स्प्रिंग किंचित उचलायची, दुसऱ्याची उतरवायची. तिरप्या रेषेतल्या कोपऱ्यांच्या दोन्ही जोड्यांची बेरीज सारखी आली की गाडी डावीकडे आणि उजवीकडे सारखीच वळेल. तासभर पाने फिरतात आणि चालक आत बसून घामाघूम होतो. या सगळ्या कामात शांतपणे बसून राहण्याचं काम एवढंच, आणि तेच त्याला सर्वांत जड जातं.

पहिली सराव फेरी. चार चकरा, पूर्ण वेगानं नाही. शेवटची चकर ब्रेकला हात न लावल्यासारखी सावकाश, डिस्क निवाव्यात म्हणून. गाडी आत येते. हँडब्रेक ओढायचा नाही. तापलेल्या डिस्कवर पॅड आवळून राहिले तर तेवढीच जागा गरम राहते, आणि पुढच्या फेरीत पेडल थरथरतं. त्यापेक्षा चाकाखाली लाकडी ठोकळा सरकवायचा. चाकांचे नट पुन्हा तपासायचे, हवेचा दाब गरम टायरवरच मोजायचा आणि चारही आकडे वहीत लिहायचे.