मराठवाड्याचा उन्हाळा आणि तुमच्या फोनची बॅटरी

नमस्कार मंडळी. नवा फोन घेताना कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, चार्जर किती वॅटचा, हे आपण आवर्जून विचारतो; पण परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा 42 अंशांच्या पुढे जातो तेव्हा या फोनच्या बॅटरीचे काय होईल, हे दुकानात क्वचितच कोणी विचारते. आपल्या भागात मात्र हाच प्रश्न आधी विचारायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

अ‍ॅपल कंपनी आयफोनच्या वापरासाठी 0 ते 35 अंश सेल्सिअस अशी हद्द स्वतःच सांगते. आपल्याकडची दुपार मार्चमध्येच ही हद्द ओलांडू लागते. अँड्रॉइड फोन असला म्हणून निश्चिंत राहू नका, कारण आतली बॅटरी तिथेही लिथियमचीच असते.

उष्णतेने नेमके बिघडते काय, तेही समजून घेऊ. चार्जिंगच्या वेळी लिथियम साठवून ठेवणाऱ्या, बॅटरीतल्या ग्रॅफाइटवर एक अतिशय पातळ थर असतो आणि तो आवश्यकही असतो. परंतु तापमान वाढले की हा थर जाड होत जातो आणि त्यात अडकलेले लिथियम पुन्हा कामाला येत नाही. बॅटरी काठोकाठ भरलेली असली, तर ही झीज अधिक वेगाने होते. म्हणजे कडक ऊन आणि शंभर टक्के चार्जिंग एकत्र आले, की बॅटरीचे आयुष्य भराभर घटते, आणि जी क्षमता अशी गेली ती फोन थंड झाल्यावरही परत येत नाही.

आता आपलेच रोजचे चित्र पाहा. मोटारसायकलच्या हँडलवर होल्डरमध्ये फोन लावलेला आहे, वरून ऊन थेट काचेवर पडते आहे, नकाशा सुरू आहे, स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवलेला आहे आणि गाडीवरूनच चार्जिंगही चालू आहे. उन्हाळी भुईमुगाची ई-पीक पाहणी करताना बांधावर उभ्या शेतकऱ्याच्या फोनचीही गत वेगळी नसते: जीपीएस आणि कॅमेरा एकाच वेळी चालू असतात, आणि रेंज कमी असल्याने टॉवरशी संपर्क टिकवण्यासाठी फोनला जास्त शक्ती खर्चावी लागते. अशा वेळी स्क्रीन आपोआप मंद होते किंवा चार्जिंग थांबते, ते फोन बिघडला म्हणून नव्हे. तो स्वतःला सांभाळत असतो, तेव्हा त्याला सावलीत न्या. तापलेला फोन फ्रीजमध्ये मात्र कधीही ठेवू नका, कारण आत दव धरून सर्किट खराब होऊ शकते.

अलीकडच्या सॉफ्टवेअरमधील मला सर्वांत उपयुक्त वाटलेली सोय म्हणजे चार्जिंगची मर्यादा. 2023 मध्ये आलेल्या आयफोन 15 पासून, तसेच सॅमसंगच्या अनेक फोनमध्ये, 80 टक्क्यांवर चार्जिंग थांबवता येते. सेटिंगमध्ये बॅटरीच्या पानावर हा पर्याय शोधा आणि निदान मार्च ते जून तो चालू ठेवा. शेतातल्या आखाड्यावर वीज कधी येईल याचा भरवसा नसेल, तर पूर्ण चार्ज करण्यावाचून इलाज नाही, हे मला मान्य आहे. तरीही तापलेल्या पत्र्याखाली भर दुपारी चार्जिंग करण्यापेक्षा रात्री किंवा पहाटे करावे, आणि फोन उशीखाली न ठेवता उघड्या फरशीवर ठेवावा.

शेवटची गोष्ट सुरक्षिततेची. फोनचे मागचे झाकण उचलले गेले किंवा स्क्रीनची कड वर आली, तर बॅटरी फुगली आहे असे समजा. ती दाबून बसवू नका, टोचू नका, चार्जिंगला लावू नका. फोन बंद करून तो थेट सर्व्हिस सेंटरला न्या आणि काढलेली बॅटरी तिथेच जमा करा. ती उकिरड्यावर जाऊ देऊ नका, कारण तिथे ती पेट घेऊ शकते, आणि 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.