देवबाग : खाडी आणि समुद्र यांच्यामधली वाळू

मालवणहून दक्षिणेला तारकर्ली ओलांडून रस्ता देवबागकडे निघतो, तेव्हा उजवीकडे अरबी समुद्र आणि डावीकडे कर्ली नदीची खाडी असते. मधल्या चिंचोळ्या पट्टीवर माडाच्या बागा, घरे आणि विहिरी असे अख्खे गाव वसले आहे. भूगोलाच्या पुस्तकातला वाळूचा दांडा तो हाच.

सह्याद्रीतून येणारी कर्ली येथे सरळ समुद्रात शिरत नाही. दांडा आडवा आल्यामुळे ती दक्षिणेकडे वळते, काही अंतर किनाऱ्याला समांतर वाहते आणि भोगव्यासमोर समुद्राला मिळते.

लाटा किनाऱ्यावर बहुधा तिरप्या येतात. वर चढणारे पाणी वाळू तिरकी लोटते, परतणारे पाणी मात्र उताराने सरळ खाली येते. त्यामुळे प्रत्येक कण नागमोडी वाटेने किनाऱ्यालगत पुढे सरकत राहतो आणि नदीच्या मुखाशी, जिथे किनारा आत वळतो व प्रवाहाचा जोर मंदावतो, तिथे खाली बसतो. ओंजळभर वाळू निरखून पाहिली, तर तीत गारगोटीचे पांढुरके कण, शिंपल्यांचा चुरा आणि थोडे काळे, जड कण दिसतात. उत्तर कोकणातल्या बेसॉल्टच्या किनाऱ्यांवर वाळू काळपट असते. सिंधुदुर्गातले खडक त्याहून प्राचीन आणि गारगोटीने समृद्ध आहेत.

पावसाळ्यातल्या उंच लाटा पुळणीची वाळू ओढून समुद्रात थोड्या अंतरावर नेऊन टाकतात. पाऊस सरल्यावर शांत लाटा तीच वाळू हळूहळू परत आणतात. किनाऱ्याच्या वरच्या अंगाला मर्यादवेल पसरली असेल, तर वाऱ्याने उडणारी वाळू तिच्यात अडकून उंचवटे तयार होतात.

खाडीच्या मुखाजवळ ओहोटीला उघडे पडणारे वाळूचे बेट पर्यटकांना ‘सुनामी आयलंड’ म्हणून ठाऊक आहे. नाव आकर्षक खरे, आणि त्यावरून बेट सुनामीने घडले असे वाटते; पण असे बेट घडायला नदीचा गाळ आणि भरती-ओहोटी एवढेही पुरते.

देवबागच्या विहिरींना गोडे पाणी लागते, कारण वाळूत मुरलेले पावसाचे पाणी खालच्या जड खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. उपसा वाढला, तर खारे पाणी वर सरकते.

समुद्राच्या बाजूने धूप होते, म्हणून येथे दगडी बंधारे घातले गेले. बंधाऱ्याने मागची घरे वाचतात, हे खरे. परंतु दगडावर आपटून परतणारी लाट समोरची वाळू उपसते, आणि बंधारा जिथे संपतो तिथल्या उघड्या किनाऱ्यावर धुपेचा जोर वाढण्याचा धोका असतो.